शेवटच्या ओळीतलं नाव

जायलोसी नांखुम्वा मूळचा पत्र्याचा कारागीर. झोम्बाच्या बाजारात बसून बादल्या करायचा. त्याच्या बादलीची शिवण कधी गळली नाही. ते बघूनच ब्रेलच्या छापखान्यानं त्याला उचललं. तिथं जस्ताच्या पातळ पत्र्यांवर यंत्रानं ठिपके उठवायचे आणि त्या पत्र्यांवरून जाड कागद छापायचा. यंत्र पायानं चालायचं. एका पानाला सातशे-आठशे वेळा पाय मारावा लागे. सव्वीस वर्षं त्यानं तो मारला. उजवा गुडघा त्यातच गेला.

ठिपक्यांची अक्षरं शिकायला त्याला चार महिने लागले. पान मांडायला शिकायला सहा वर्षं. एका ओळीत घरं चाळीस, एका घरात एक अक्षर. एका पानात ओळी पंचवीस. मथळा मधोमध, त्याच्या वर एक ओळ कोरी. पानाच्या तळाशी मथळा एकटा सोडायचा नाही. प्रश्न पहिल्या घरापासून. उत्तराचे पर्याय तिसऱ्या घरापासून, एकाखाली एक. पर्याय ओळीत मावला नाही, तर उरलेला पाचव्या घरापासून.

हे सगळं त्याला फेनेसनं शिकवलं. फेनेस जन्मापासून आंधळी, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, छापखान्याची तपासनीस. तिनं बोटांनी वाचल्याशिवाय काहीही छपाईला जात नसे. वाचून झालं की ती ड्रॉवरमधला टोचा आणि हातोडी घेऊन शेवटच्या पत्र्याच्या शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव ठोकी.

"जायलोसी, तू डोळ्यानं वाचतोस," ती म्हणायची. "डोळा उड्या मारतो. बोटाला पायी जावं लागतं बाबा."

"मग काय, ताई, बोटाला सायकल घेऊन देऊ?"

"आधी तुझ्या गुडघ्याला घे."

त्या वर्षी कागद संपत आला होता आणि नवा येण्याची चिन्हं नव्हती. आठवीच्या निवड परीक्षेचा शेतीचा पेपर करायचा होता. आंधळी मुलं चौदा. त्यातून पुढच्या शाळेत कोण जाणार, ते या पेपरांवर ठरायचं. नेमकी तेव्हाच फेनेस भावाच्या मयताला मंगोचीला गेली.

जायलोसीनं हिशेब केला. पेपर नेहमीसारखा मांडला तर दहा पानं होणार. त्यानं पर्याय दोन-दोन करून शेजारी शेजारी बसवले. डावीकडे अ आणि ब, उजवीकडे क आणि ड, मध्ये तीन घरांची फट. पानं झाली सहा. नजरेला पान सुबक दिसत होतं, वाफ्यांसारखं.

"वा!" चिरोंबो साहेब म्हणाले. ते छापखान्याचे व्यवस्थापक. "चार पानं वाचवलीत. छापून टाका."

"ताई यायची आहे, साहेब. तिचं नाव नाही त्यावर."

"ती कधी येईल कोण जाणे. तुम्हाला काय कालपासून येतंय का हे काम?"

शेवटचं वाक्य त्याला गोड लागलं. त्यानं ड्रॉवर उघडला, टोचा काढला आणि तिचं नाव ठोकलं. जस्तावर अक्षरं उलटी ठोकावी लागतात. तिचं नाव त्याला उलटंही पाठ होतं.

शुक्रवारी दुपारी फेनेस आली. चौदा गठ्ठे बांधून तयार होते. तिनं टेबलावर हात फिरवला आणि वरचा गठ्ठा सोडला.

"हे केव्हा झालं?"

"बुधवारी. घाई होती, ताई."

ती वाचू लागली. तिसऱ्या प्रश्नावर बोट थांबलं, मागं गेलं, पुन्हा पुढं आलं. मग ती मोठ्यानं वाचू लागली, "उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून काय करावं? अ, उतारावर आडवे, क, डोंगरावरची सगळी, बांध घालावेत, झाडं तोडावीत." ती थांबली. "कुठल्या गावची शेती ही?"

जायलोसीच्या तेव्हा लक्षात आलं. बोट फटीपाशी थांबत नाही. ते ओळ संपेपर्यंत सरळ जातं. अर्धा पर्याय इथला, अर्धा तिथला. पोरं उत्तर येत असूनही चुकणार होती.

ती पानं उलटत शेवटच्या पानावर आली. बोट तळाच्या ओळीवर गेलं आणि तिथंच राहिलं. 

"हे मी ठोकलेलं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"कोणी ठोकलं?"

"मी."

चिरोंबो साहेब आतून आले. "काय झालं? पर्यवेक्षकाला चिठ्ठी लिहू. मुलांना सांगेल तो, कसं वाचायचं ते."

"त्याला ब्रेल येतं का?" फेनेसनं विचारलं.

साहेब परत आत गेले.

"पुन्हा करतो," जायलोसी म्हणाला. "दहा पानं. सोमवारी सकाळी गाडी जाते तोवर."

"कागद?"

चौदा मुलांची दहा पानं म्हणजे एकशे चाळीस. शिल्लक होते साठ. छापलेले पुन्हा वापरता येत नाहीत. जुने ठिपके बोटाला लागतात. फेनेस उठली आणि कोठीतून जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा ओढून आणला. मुलांना सरावाला म्हणून ती दुकानादुकानांतून मागून आणायची. ऐंशीच्या वर पानं निघाली. गुळगुळीत होती, पण जाड होती.

शनिवारी उजाडल्यापासून जायलोसी यंत्रावर बसला. मक्याच्या पिठाची न्सिमा आणि सुकी मासळी जागेवरच खाल्ली. रविवारी चर्चची घंटा झाली, दोघंही उठले नाहीत. एकेक पान तो छापून तिच्यापुढं ठेवी, ती वाची. काम सोडून एक शब्द नाही. थट्टाही नाही. सातव्या पानावर ती म्हणाली, "पाचव्या घरापासून हवं, चौथ्यापासून आहे." त्यानं पत्र्यावरचे ठिपके हातोडीनं सपाट केले आणि ओळ नव्यानं ठोकली. गुडघा सुजून दुप्पट झाला होता. त्याबद्दल बोलायचा हक्क आपल्याला उरला नाही, असं त्याला वाटत होतं.

रविवारी चारच्या सुमारास दहावं पान झालं. तिनं ते वाचलं. जायलोसीनं टोचा पुढं केला.

"नको," ती म्हणाली. "माझं तू एकदा ठोकलंस. आता तुझं ठोक."

"माझं कशाला, ताई? वाचलंयस तू."

"वाचलंय मी. पण या पेपरवर माझं नाव नको."

सव्वीस वर्षांत त्यानं स्वतःचं नाव कधी ठोकलं नव्हतं.  ठोकून त्यानं पान काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं. तिनं तळाची ओळ चाचपली.

"एक घर डावीकडे सरकलंय."

त्यानं नाव सपाट केलं आणि पुन्हा ठोकलं.

सोमवारी सकाळी गाडी पेपर घेऊन गेली. फेनेसनं टोचा ड्रॉवरमध्ये परत ठेवला नाही. कमरेच्या कापडाच्या गाठीत बांधला. जूनमध्ये गुडघ्यापायी जायलोसी वेळेआधीच निवृत्त झाला. निरोपाच्या चहाला ती आली, गुडघ्याची चौकशी केली, दोन बिस्किटंही खाल्ली. टोचा त्या दिवशीही गाठीतच होता.