पडलेलं तसंच राहू द्या

"पडलेलं पडूनच आहे ना? उभं काही दिसता कामा नये."

पालघरच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात एक अधिकारी फोनवर हे विचारत होते आणि मी खांबापलीकडे चहाचा कप धरून उभी होते. पलीकडून होकार आला असावा, कारण त्यांनी फोन खिशात टाकला आणि राहिलेले पोहे संपवायला ते आत गेले. वादळ होऊन बरेच दिवस झाले होते. इतके दिवस पडलेलं पडूनच ठेवायचं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला तिथेच विचारता आला असता. मी चहा संपवला.

मी पुण्याहून आदल्या संध्याकाळी आले होते. नुकसान पाहायला दिल्लीहून केंद्रीय पथक येणार होतं आणि लोक काय बोलतात ते त्यांना हिंदीत सांगणारं कुणीतरी हवं होतं. ओळखीच्या ओळखीतून ते काम माझ्याकडे आलं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला मराठी नीट येतं का, अशी शंका एकदोघांनी काढली, पण दुसरं कुणी मिळालं नसावं. मला दुभाष्याचं काम आवडतं. त्यात स्वतःचं काही बोलावं लागत नाही.

पथकप्रमुख उंच, हळू बोलणारे, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारे गृहस्थ होते. मी त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले. मागे ते आणि त्यांचा सहायक. व्हरांड्यातले अधिकारी दुसऱ्या गाडीतून रस्ता दाखवत पुढे.

आधी सफाळ्याला गेलो. स्टेशन मागे टाकून आत वळलो तशी भातखाचरं सुरू झाली. बहुतेकांनी आडवं झालेलं भात कापून, झोडून, जे हाती लागलं ते घरात नेलं होतं. रस्त्याच्या कडेचं एकच खाचर तसंच होतं. पीक चिखलात निजलेलं आणि लोंब्यांना हिरवे कोंब फुटलेले. बांधावर नवरा-बायको उभे होते. पथकप्रमुख साहेबांनी विचारलं की हे वेळेत कापलं का नाही. मी विचारलं. नवरा म्हणाला, "उचलू नका सांगलेलं. दिल्लीवाले बघणार हायत म्हनून."

कुणी सांगितलं, ते त्याला माहीत नव्हतं. फोनवर आलं होतं. व्हरांड्यातले अधिकारी म्हणाले की त्यांनाही तसाच वरून निरोप आला होता. वरून म्हणजे कुठून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बायको मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, "रस्त्याला लागून शेत हाय ना आमचं. आतलं असतं तर सुटलो असतो."

मी हे हिंदीत सांगितलं. साहेबांनी मान हलवली आणि फोटोसाठी खाचरात एक पाऊल टाकलं. बूट चिखलात रुतला, पाय वर आला, बूट राहिला. चार माणसं धावली. एकाने बूट काढला, दुसऱ्याने धुतला, तिसऱ्याने रुमालाने पुसला, चौथ्याने साहेबांचा दंड धरला. त्या दिवसभरात मी पाहिलेलं सगळ्यात तत्पर मदतकार्य ते होतं.

परत पालघर, मग कोळगाववरून बोईसरचा रस्ता. मोडलेली झाडं रस्त्याच्या कडेला कापून रचलेली होती आणि त्यांच्या बुंध्यांवर तिरपे बसून लोक रिक्षाची वाट बघत होते. बोईसरला जेवण. हॉटेल गार होतं आणि पनीरचे तीन प्रकार होते, कारण साहेब काय खातात हे कुणालाच माहीत नव्हतं. साहेबांनी वरणभात मागितला. तो करायला वेळ लागला. तोवर मी बाहेर येऊन उभी राहिले. शेजारच्या टपरीवर कारखान्यातले कामगार चहा पीत होते. वादळात इथे काय झालं, असं मी नुसतंच विचारलं. एकजण हसून म्हणाला, "कंपनी का पत्रा तो लग गया, मैडम. हमारी खोली का पत्रा अभी उड़ ही रहा है." बाकीचे हसले. त्यांच्या खोल्या आजच्या दौऱ्यात नव्हत्या. मी आत जाऊन तसं सांगणार होते, पण तेवढ्यात आइस्क्रीम आलं होतं आणि वेळापत्रकावर चर्चा सुरू होती.

त्यामुळे तारापूरच्या पुढे किनाऱ्यावर पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. मासेमारांची ती आळी मी पहिल्यांदाच पाहत होते. समोर ओहोटीचा राखाडी समुद्र, वाळूवर ओढलेल्या होड्या, आणि मधल्या सगळ्या मोकळ्या जागेत बांबूंचे ढीग. त्या वलांड्या होत्या (बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या उंच चौकटी). ऐन बोंबलाच्या दिवसांत त्या जमिनीवर पडून होत्या. होड्या भरून येत होत्या, पण माल वाळवायला जागा नाही म्हणून ओलाच देऊन टाकावा लागत होता. इथेही तोच निरोप पोचला होता.

एकच वलांडी उभी होती. तिच्यावर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील वाऱ्यावर हलत होते. खाली एक बाई पडलेले बोंबील उचलून परत टांगत होती. यशोदाबाय. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन सुरतेकडे. होडी नाही. दुसऱ्यांच्या होड्यांवरून माल घ्यायचा, वाळवायचा, बाजारात न्यायचा, यावर तिचं घर चालतं.

हिचीच वलांडी उभी कशी, असं साहेबांनी विचारलं. उत्तर वामनकाका नावाच्या म्हाताऱ्याने दिलं. "आमच्यात पयली वलांडी बिनपुरुषाच्या घरची. तिची उभी झाल्याबिगर आपली उभी करायची नाय. वादळ असो नाय तर काय असो."

पण निरोप होता ना, मी माझ्याकडूनच विचारलं.

"निरोप आमच्या वलांडीला. तिला कसा लागंल?"

मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. साहेबांना मनापासून आवडलं. त्यांनी वामनकाकांचा हात हातात घेतला. सहायकाने पडलेल्या वलांड्यांचे फोटो काढले, प्रत्येक घराचं नाव विचारून नुकसान टिपलं. यशोदाबायच्या वलांडीपाशी येऊन तो थांबला आणि पुढे गेला. उभ्या वस्तूचं नुकसान कसं टिपणार?

व्हरांड्यातले अधिकारी तिला हळूच म्हणाले, "काय करणार बाई, पडलेली असती तर लिहिलं असतं."

हे वामनकाकांनी ऐकलं. ते घरात गेले आणि कोयता घेऊन बाहेर आले. "मंग पाडू की. दोर कापायला किती वेळ लागतोय? गाड्या गेल्या की परत उभी."

"वामन, माल टांगलाय," यशोदाबाय म्हणाली. "मालाला वाळू चिकटली तर कोन घेईल? कोयता ठेव."

"तुझ्याच भल्याचं सांगतोय."

"तू भलं करून ठेवलंस तेच निस्तरतेय."

आळी हसली, यशोदाबायही हसली, पण वलांडीच्या खांबावरचा हात तिने काढला नाही. साहेबांनी लांबून विचारलं की काय चाललंय. माझ्याआधी अधिकाऱ्यांनीच उत्तर दिलं, "घर का मामला है, सर." मग सगळे होड्यांसमोर फोटो काढायला गेले.

यशोदाबायने मला ओट्यावर बसवलं. दिवसभर उभी हायस पोरी, म्हणाली. चुलीवर भाजलेला सुका बोंबील आणि तांदळाच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. बोंबील कडक, खारट, धुराच्या वासाचा होता. खाता खाता मी वलांडीकडे बघत होते. बांबूंच्या टोकांना रंगाचे पट्टे होते, एकाला लाल, एकाला हिरवा, दोन निळे, एक पिवळा. शोभेसाठी आहेत का, असं मी विचारलं.

शोभेसाठी नव्हते. प्रत्येक घराचा जो होडीचा रंग, तोच त्यांच्या बांबूंवर. भरतीत वाहून गेले तरी कुणाचे ते कळावं म्हणून. यशोदाबायला होडी नाही, तिच्या बांबूंना पट्टा नव्हता. तिचे सगळे बांबू वादळात गेले, एकही परत आला नाही. ही उभी होती ती आळीने प्रत्येकी थोडे थोडे घालून उभारलेली. आज पथक गेलं की उद्या जो तो आपली वलांडी उभी करणार, आणि तेव्हा बांबू कमी पडणार.

मागतील का परत, मी विचारलं.

"मागनार कोनी नाय," ती म्हणाली. "पन मी ठेवू कशी? तेंच्या घरात पन खानारी तोंडं हायत. मीच सोडून देईन. नवे मिळाले तर मिळाले, नाय तर हा सीझन गेला."

तिकडून हॉर्न वाजला. अंधारायच्या आत पालघर गाठायचं होतं. मी हात पुसत पळाले.

बोईसरच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. गाडी थांबली. माझ्या हाताला बोंबलाचा वास होता आणि सहायकाने काच खाली केली. परतीच्या वाटेवर मी कुणावर रागवायचं ते शोधत होते आणि सापडत नव्हतं. साहेब चांगले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. निरोप पाठवणाऱ्यालाही बहुधा लोकांचं नुकसान नीट दिसावं असंच वाटलं असेल. वामनकाकांनी तर रीत पाळली होती. सगळ्यांनी सगळं बरोबर केलं होतं, आणि ज्या घराला आधी सावरायचं तेच घर यादीतून सुटलं होतं. उद्या मी पुण्याला पोचेन, त्या वलांडीचे बांबू आपापल्या रंगांच्या घरी जातील, आणि आजच्या कागदावर ती कायमची उभी राहील.

मागे साहेब सहायकाला पत्रकारांसाठी चार ओळी सांगत होते. किनाऱ्यावरच्या लोकांनी सरकारची वाट न पाहता एका एकट्या बाईचा व्यवसाय पुन्हा उभा केला, ही या दौऱ्यातली सर्वात आशादायक गोष्ट. मग त्यांनी पुढे वाकून मला सौम्यपणे विचारलं, की बेटा, हे छान मराठीत करून देशील का?

मी मागे वळले. जे बोलले ते हिंदीत होतं, अडखळत होतं, आणि आवाज नको तितका मोठा आला.

"सर, आता सांगते ते कुणाचं भाषांतर नाही, माझं आहे. ती वलांडी तिची नाही, तिची वाहून गेली. गाडी परत वळवा."