घर बघायला येणारे काका

घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. कुणाविषयी लिहावं एवढा अजून मोठा नाही, म्हणून आधीच माफी मागतो.

विट्याच्या एका ट्रस्टकडे शिष्यवृत्ती मागितली, की हे काका घर बघायला येतात. आमच्या भागात ते सारखे दिसतात. उत्पन्न विचारताना ते माणसाकडे बघत नाहीत, दावणीच्या शेळीकडे बघतात.

आमच्याकडे ते येणार म्हणून आईनं शेजारच्या गादीच्या खुर्च्या मागून आणल्या. मला धास्ती, की त्या बघून अर्ज बाद झाला तर माझं कॉलेज सुटणार. काका टेकले, तेवढ्यात शेजारची आक्का दारात आली. "अगं, झाल्या का खुर्च्या? आमच्यात बी पावणं आल्यात."

आईनं मान खाली घातली. काका उठले, दोन्ही खुर्च्या स्वतः उचलून शेजारी ठेवून आले आणि घोंगड्यावर बसले. "लय मऊ हुत्या वैनी, झोप याय लागलेली. आता विचारतो."

फी भरायच्या शेवटच्या दिवशी त्यांचा फोन आला. "मंजूर झालं रं गड्या. आदी आईला सांग."

मी पळत रानात गेलो. आई नुसतं "व्हय?" म्हणाली आणि हातातल्या खुरप्यासकट सरीतच खाली बसली.