मिश्रीची डबी

आई मंगळवारी गेली. सकाळी तिने दात घासले, चहा ठेवला आणि ओट्याजवळ खाली बसली. शेजारच्या काकूंनी फोन केला. मी नांदेडहून निघाले आणि दुपारी चाकूरला पोचले.

आईने जन्मभर दातांना मिश्री लावली. तंबाखू तव्यावर जाळायची, कुटायची, फडक्यातून गाळून पत्र्याच्या डबीत भरायची. ठसका घरभर. "मिश्री हाय म्हणून दात हायत," म्हणायची. मग तिची एक दाढ हलू लागली. मी तिला नांदेडला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. खुर्ची बघताच ती अडून बसली.

"आधी हिचं तोंड बघा. मलाच शिकवायलीय."

मी बसले. माझ्याच दोन दाढा किडलेल्या निघाल्या. दुखत नव्हत्या, म्हणून मी कधी दाखवल्या नव्हत्या.

"एवढी पुस्तकं वाचलीस, अन् दात घासाया न्हाई आले व्हय माय?"

डॉक्टरीणबाई मास्कआड हसल्या. आईची दाढ मात्र त्यांना काढावी लागली. तिच्या गालात आतून एक पांढरट डाग होता. मिश्री सुटली नाही तर तो पुढे कॅन्सरवर जाऊ शकतो, असं त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं. दोघींनी सकाळी आणि झोपण्याआधी ब्रश करायचा. डाग महिन्याने दाखवायचा, पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी.

महिन्याने गेलो तर दात तसेच काळे.

"ब्रश करते की. मागून जराशी मिश्री लावते. ब्रश दाताला, मिश्री हिरडीला."

मी तिला डॉक्टरीणबाईंसमोरच रागावले. तिला चाकूरला सोडायला निघाले, तर बसमध्ये लोहा येईपर्यंत ती माझ्याकडे पाठ करून बसली.

पुढच्या तपासणीत डाग फिका झाला होता. "सोडली मी," आई म्हणाली.

"लपवली असशील कुठंतरी."

तिने पिशवी उचलली आणि पुढे निघाली. पण तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की तिचा फोन यायचा. "घासले का गं?" मी हाव म्हणायचे. कधी कधी न घासताच म्हणायचे.

दिवसकार्य झाल्यावर मी न्हाणीघर आवरायला घेतलं. कोनाड्यात, तिच्या ब्रशमागे, ती डबी होती. हातात घेतली तर आत काहीतरी वाजलं. झाकण घट्ट होतं, चमच्याने उचकटलं. तंबाखूचा वास अजून येत होता. आत ब्लाऊजचे हूक, चार बटणं आणि दोरा ओवलेली सुई होती. मिश्री नव्हती.

पुढच्या तपासणीची वेळ दोघींना एकाच चिठ्ठीवर दिली होती. मी एकटी जाऊन आले. रोज झोपण्याआधी दात घासते. डबी माझ्याकडे आहे.