हरकतीचा अर्ज आणि रविवारचे मटण

राजगुरुनगरच्या तहसील कचेरीसमोर टेबल मांडून मी अर्ज लिहितो, त्याला आता एकवीस वर्षे झाली. शिक्षण आठवीपर्यंतचे, परंतु माझा मसुदा आजवर एकाही साहेबाने भाषेसाठी परत पाठवलेला नाही. हे आरंभीच नमूद करतो.

दर रविवारी दुपारी आम्ही तिघे चाकणच्या एका मटण-भाकरीच्या हॉटेलात जेवतो. इतरांना तिथे बाहेर नाव लिहून तासभर तिष्ठावे लागते. आमच्यातला एक मात्र मूळ गावकरी, वडिलार्जित जमिनीवर गोदामे बांधून बसलेला. त्याला पाहताच मालक स्वतः टेबल पुसून देतो. दुसरा बीडकडून आलेला, कारखान्यात फिटर. तिसरा मी. गावकरी मित्र मला सर्वांदेखत ‘वकीलसाहेब’ म्हणून हाक मारी. त्या हाकेची मी आठवडाभर वाट पाहत असे, हे आज मान्य करतो.

गेल्या वर्षी त्याचे वडील वारले आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून त्याने फक्त स्वतःचे नाव लावायला दिले. त्याची थोरली बहीण माझ्या टेबलाशी आली. तिला दुसऱ्या कोणाकडे पाठवणे मला शक्य होते. परंतु तिचे म्हणणे न्याय्य होते, आणि असा अर्ज माझ्याइतका नेटका त्या आवारात कोणी लिहिणार नाही, हेही मला ठाऊक होते. मी तिची हरकत लिहिली आणि आमच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे खाली ‘अर्ज लिहिणार’ म्हणून माझ्या नावाचा शिक्का मारला. हात सवयीनेच चालला.

नोटीस निघाल्यानंतरच्या रविवारी रस्सा आला, तेव्हा गावकरी मित्राने खिशातून त्या अर्जाची नक्कल काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली.

“वाचा की, वकीलसाहेब. अक्षर तुमचंच हाय.”

“ते माझं काम आहे,” मी म्हणालो.

“व्हय. आमच्यासंगं जेवायचं आन् आमच्याच भनीला शिकवायचं. लई मोठं काम.”

“मी तिला काही शिकवलं नाही.”

“मग आता मागं घ्यायचा अर्ज बी तूच लिही. न्हाईतर पुढल्या रविवारपासनं घरीच जेव.”

हे तो हसत म्हणाला. फिटर भाकरी मोडत बोलला, “लिहून टाका की राव. घरातलं हाय, घरातच मिटंल. रस्सा निवायलाय.”

मी भाकरी कुस्करू लागलो. नाही म्हणालो नाही.

मंगळवारी हरकत मागे घेण्याचा अर्ज लिहून ठेवला आणि बहिणीला बोलावले. प्रकरण लांबेल, कचेरीच्या फेऱ्या होतील, माहेर तुटेल, असे सर्व सांगितले. त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते.

“दादा, माझं बरोबर हाय, असं तुमीच म्हणाला व्हता ना?” तिने विचारले.

“बरोबरच आहे. पण ताई, भाऊ एकच आहे.”

तिने माझ्याकडे पाहिले. मग कागद ओढून घेतला आणि न वाचता सही केली. त्यानंतर ती तालुक्याला येते तेव्हा समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून अर्ज टाइप करून घेते.

रविवारी माझी खुर्ची राखलेली होती. पुढे दिवाळीनंतर मित्राला एक गोदाम एका कंपनीला भाड्याने द्यायचे होते. करार करायचा आहे, असे तो जेवताना फिटरला सांगत होता. मी मध्येच म्हणालो, “उद्या टेबलावर ये. मसुदा करून ठेवतो.”

त्याने तोंडातला घास संपवला.

“न्हाई, ते पुण्याच्या वकिलाकडं दिलंय. तू आदी बहिणीचा लिहिलास, मग माझ्यासाठी फिरवलास. उद्या कंपनीवाल्यानं तुला बरं जेवू घातलं, तर माझं काय? जेवायला ये की तू. लिहायचं आपलं दुसरीकडं.”

फिटर मोठ्याने हसला. वाढपी रस्सा घेऊन माझ्याजवळ थांबला होता. मी वाटी पुढे केली.