गळकी क्लॅरनेट

उसाच्या ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नसतो. अंधारात दुचाकीवाला जाऊन धडकतो आणि लोक नशिबाला दोष देतात. नशीब कसलं? धडधडीत निष्काळजीपणा! हे पत्रकात छापून आम्ही तिघं पिंपळीच्या फाट्यावर वाटायचो. एक ढोलकी वाजवायचा, दुसरा गायचा; लोक थांबायचे. मग एकाला पुण्यात नोकरी लागली, दुसऱ्याचं लग्न झालं. उरलो मी. मला ना गळा, ना ताल. नुसतं पत्रक पुढं केलं की माणसं गाडीचा वेग वाढवतात.

म्हणून कळंबच्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडून जुनी क्लॅरनेट घेतली. तिचे तुकडे जोडायच्या सांध्यांना बुचाऐवजी दोरा गुंडाळलेला. असल्या जुगाडाचा मला संताप. दोरा ओरबाडून काढला, नवं बूच चिकटवलं. सांधे डगडगायला लागले. दोन महिने फुंकत होतो, बाहेर नुसती फुसफूस. खोलीत हसायलासुद्धा कुणी नव्हतं.

शेवटी परत कळंबला, त्या बँडवाल्या आबांकडं गेलो.

"दोरा कुणी काढला?" आबांनी विचारलं.

"मी. कामचलाऊ वाटला."

"तीस वर्सं चाललंच की काम."

त्यांनी बूच खरवडलं, मेण लावलेला दोरा गुंडाळला. तरी फुसफूस. मग माझ्या पिशवीतलं पत्रक घेऊन त्याची पट्टी फाडली. भोक झाकणाऱ्या एकेका चावीच्या गादीखाली पट्टी ठेवायची, चावी मिटवायची, पट्टी ओढायची. सगळीकडं ती अडकली, एका ठिकाणी अलगद निसटली.

"हितं गळतीया. तुझं पत्रक पयल्यांदा कुणाच्या कामी आलं बघ."

"तुम्ही अशीच वाजवायचा?"

"व्हय. बँडात बारा जण. कुणाची फुसफूस कुणाला ऐकू येतीय? तू कुणासंगं वाजवणार?"

"एकटाच."

आबांनी मान वर केली नाही. "मग गळून चालायचं न्हाय."

गादी बदलून झाल्यावर मी म्हणालो, "रविवारी फाट्यावर या ना. तुम्ही वाजवा, मी बोलतो."

त्यांनी वरचा ओठ उचलून दाखवला. पुढचे दात नव्हते. "दात गेलं म्हणून तर इकली, बाबा."

रविवारी फाट्यावर उभा राहिलो. मला एकच सूर येतो, तोच लावला. स्वच्छ निघाला. चढा लागला का, हे विचारायला वळलो. शेजारी कुणीच नव्हतं.

एक दुचाकी थांबली. "वरात हाय का कुणाची?"

मी पत्रक दिलं. त्यानं ते उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि गेला. पुढच्या गाडीला बराच वेळ होता. मी पुन्हा फुंकायला लागलो.