काकूंची सही

ज्याला मतच नाही त्यानं निवडणुकीवर लिहावं, हे माझं मलाच जरा आगाऊपणाचं वाटतं. मी इथे शिकायला आलेला विद्यार्थी, पासपोर्ट भारताचा. त्यातून आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चार लोकांनी वाचावं असं काही लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण त्या हिवाळ्यात माझ्या सांगण्यावरून एका बाईंचं अमेरिकेतलं पहिलं मत अडकलं, आणि ते कसं झालं हे मला नीट सांगून टाकायचं आहे.

अमेरिकेतल्या ट्रॉय नावाच्या गावात मी एका मराठी घराच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होतो. वर काकू आणि त्यांचा मुलगा. मुलगा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. त्याला मी दादा म्हणायचो. काकू नागपूरच्या. तिथे त्यांनी कितीतरी वर्षं बालवाडी चालवली होती. आदल्याच उन्हाळ्यात त्यांनी इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली होती, आणि त्या दिवशी मिळालेला हातभर झेंडा स्वयंपाकघरातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत खोचून ठेवला होता.

राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे इथे आधी पक्षाचे मतदारच मत देऊन ठरवतात. त्याला प्रायमरी म्हणतात; खरी निवडणूक नंतर नोव्हेंबरमध्ये. त्या वर्षी चुरस होती आणि ती आमच्या जेवणाच्या टेबलापर्यंत आली होती. लहान मुलांच्या पाळणाघराचा खर्च सरकारनं उचलावा, असं म्हणणारा उमेदवार काकूंना आवडला होता. दादा दुसऱ्याच्या बाजूनं.

"आई, तुझा माणूस चांगला आहे गं, पण नोव्हेंबरमध्ये जिंकणार नाही. व्होट वेस्ट करू नकोस."

"तुझं लग्न जमवताना पण तू असंच म्हणत होतास, पोरगी चांगली आहे पण आपल्याला हो म्हणणार नाही," काकू म्हणाल्या. "विचारलंस का तिला? नाही. बस आता एकटा."

दादानं अजून एक पोळी वाढून घेतली.

शनिवारी मी काकूंच्या उमेदवाराच्या प्रचाराला दारोदार जायचो. मत नसलं तरी बिनपगारी मदत करता येते. दार वाजवण्याआधी मी वाक्य मनात तीनदा म्हणायचो, तरी ऐन वेळी अडखळायचो. एका घरात कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा होते. मागच्या वेळी दार वाजवलं ते छप्पर बदलून देणाऱ्यानं, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तू कोणाला मत देणार?" मला मत नाही, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्या बुटांवरच्या बर्फाकडे पाहिलं. "मग इतक्या थंडीत तू इथे काय करतोयस?" त्यांनी आत बोलावून कॉफी दिली आणि चाळीस मिनिटं कारखान्याबद्दल बोलले. मत कोणाला देणार, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढच्या एका दारात एक बाई फक्त "सगळे सारखेच" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. असंच चालायचं. तरी पुढच्या शनिवारी मी निघायचोच.

काकूंची पद्धत माझ्याहून चांगली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून छोटे डबे दिले. डब्यात तिळगूळ आणि तिळगुळाखाली मतदानाची तारीख लिहिलेली चिठ्ठी. कोणाला द्या, हे लिहिलं नव्हतं. "ते मी तोंडानं सांगीन," म्हणाल्या.

मग त्यांची मतपत्रिका टपालानं घरी आली. काकू सकाळी अंघोळ, पूजा करून टेबलाशी बसल्या. "तू तिकडे तोंड कर," मला म्हणाल्या. मी खिडकीबाहेरचा बर्फ बघत राहिलो. पेनाचा आवाज आला, मग कागदाची घडी. पाकिटावर सही करायची होती.

"मराठीत करू का इंग्रजीत?"

"इंग्रजीत करा काकू. त्यांना वाचता आली पाहिजे ना."

हे मी विचार न करता बोललो. खरं तर मी वडिलांचं ऐकलेलं बोललो. माझ्या कॉलेजच्या प्रवेश अर्जावर वडिलांनी मराठीत सही केली, तेव्हा खिडकीपलीकडचा कारकून शेजारच्याला काहीतरी बोलून हसला होता. वडील परत येताना म्हणाले होते, मोठ्या ठिकाणी तू इंग्रजीतच सही करत जा. मी तेच काकूंना शिकवलं. त्यांनी एकेक अक्षर जपून काढलं. मग आम्ही दोघं बर्फातून चालत जाऊन पाकीट मतपत्रिकांसाठी ठेवलेल्या पेटीत टाकून आलो.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी मी सहज त्यांचं मत पोचलं का ते वेबसाइटवर पाहिलं. पोचलं होतं, पण स्वीकारलं नव्हतं. सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही, असं लिहिलं होतं.

मी वर गेलो. "काकू, मतदार म्हणून नाव नोंदवताना सही कशी केली होती?"

"कशी म्हणजे? माझी सही. मराठीत. बालवाडीच्या हजेरीपटावर करायची तीच."

"आणि तुम्हाला निवडणूक कचेरीतून फोन नाही आला?"

"कोणाचे तरी येत होते दोन-तीन दिवस. मी कट केले." त्या थांबल्या. "तुम्हीच दोघांनी सांगितलं ना, अनोळखी नंबर उचलायचा नाही, फसवतात म्हणून."

मी काय झालं ते सांगितलं. माझ्यामुळे झालं, हेही. काकू रागावल्या नाहीत, त्यानं जास्त वाईट वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "आता गेलं का माझं मत?"

मी कचेरीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी समजावलं: मतदारानं स्वतः येऊन नोंदीतल्यासारखी सही करून द्यावी, मग आम्ही पुन्हा तपासू. आज पाचपर्यंत या. बसनं वेळेत पोचणं शक्य नव्हतं. मी दादाला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता.

"यार, तिचं व्होट माझं व्होट कॅन्सल करणार आहे, माहितेय ना तुला?"

"हो दादा."

"वीस मिनिटांत दाराबाहेर उभे राहा. तिला टोपी घालायला सांग."

गाडीत दादा म्हणाला, "पेट्रोल माझं, सुट्टी माझी, आणि मत माझ्या विरोधात." मागून काकू म्हणाल्या, "तुला नऊ महिने पोटात वागवलं तेव्हा मी विचारलं होतं का, कोणाला मत देशील?"

कचेरीत काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पुढे केला. काकूंनी हातमोजा काढला. पेन हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तुमची सही करा काकू." त्यांनी एका झटक्यात केली, शेवटी खाली एक रेघ आणि रेघेवर दोन टिंबं. बाईंनी ती संगणकावरच्या सहीशेजारी धरून पाहिली, मान हलवली, आणि किती सुंदर दिसते, असं म्हणाल्या. पण स्वीकारलं की नाही, ते त्यांनी तिथे सांगितलं नाही. नोंद होईल, बघत राहा, एवढंच.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. आमच्या राज्यात काकूंचा उमेदवार हरला, दादाचा जिंकला. दोन दिवसांनी काकूंच्या उमेदवारानं माघार घेतली. दादा चिडवणार असं वाटलं होतं, पण त्यानं आईला चहा करून दिला आणि पाळणाघराचा मुद्दा त्याच्या उमेदवाराला पटवायला हवा, असं म्हणाला. "पटव की मग, पत्र लिही," काकू म्हणाल्या. तो शनिवार रिकामा होता. मी तरी बूट घालून निघालो. नोव्हेंबरसाठी मतदार नोंदवायचं काम सुरू झालं होतं.

रोज सकाळी मी वेबसाइट उघडायचो. नोंद तीच असायची. हरलेल्या उमेदवाराचं एक मत, त्यानं काय फरक पडणार, हे मलाही कळत होतं. तरी मी उघडायचो.

पुढच्या आठवड्यात मी प्रयोगशाळेत होतो. काकूंचा फोन आला. त्या नेहमी मोठ्यानं बोलतात, आज त्याहून मोठ्यानं.

"अनोळखी नंबर होता, तरी उचलला मी. कचेरीतली बाई होती. सही जुळली म्हणे, माझं मत मोजलं."