आळस म्हणाले होते मी

डहाणूच्या एका कॉलेजात मी खेळाची शिक्षिका आहे. वर्षातून एकदा मुलामुलींच्या ताकदीची चाचणी घेते. पालथं होऊन कोपरांवर अंग तोलून, पाठ सरळ ठेवून कोण किती वेळ टिकतं ते पाहते. बहुतेक जण अर्ध्या मिनिटात थरथरायला लागतात. तलासरीकडच्या एका पाड्यावरून येणारी मुलगी मात्र पहिल्या वर्षी दोन मिनिटं झाली तरी हलेना. शेवटी मीच म्हटलं, "पुरे गं, उठ आता."

"मॅडम, घरी डोक्यावर दोन हंडे असतात," ती हसत म्हणाली. "हे तर झोपल्यासारखंच आहे."

दुसऱ्या वर्षी ती बाकावर पोक काढून बसायला लागली. मी येता-जाता टोकायचे, "मोबाइल बघून पाठीची वाट लावलीस. सरळ बस." ती "हो मॅडम" म्हणायची आणि दोन्ही हात बाकावर रेटून स्वतःला वर उचलायची.

त्या वर्षीच्या चाचणीत ती दहा सेकंदांतच खाली पडली. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "आळस आहे हा, दुसरं काही नाही." जाताना चपला उचलायला ती कमरेत वाकली नाही. मांडीवर हात टेकत, गुडघे दुमडत हळूहळू खाली बसली. मी ते पाहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

दिवाळीनंतर ती आलीच नाही. वर्गातल्या मुलीकडून कळलं, ती दवाखान्यात आहे. मी गेले. मणक्याचा टीबी होता. कित्येक महिने पाठ दुखत होती, संध्याकाळी कणकण असायची. आता पायांतली ताकदच गेली होती.

छातीपासून कमरेपर्यंत पट्टा बांधून ती पडून होती.

"मला सांगितलं का नाहीस गं?"

"तुम्ही आळस म्हणालात ना मॅडम," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला पण तसंच वाटलं."

तिच्या आईने माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. "बसा मॅडम, लांबून आलात." मला बसवेना. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले आणि रडले. तिची आईच माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

औषधं वर्षभराहून जास्त चालली. आजार गेला, पाय काही पूर्ण परत आले नाहीत. मागच्या महिन्यात तिची आई मला डहाणूच्या बाजारात भेटली. पोरगी भिंतीला धरून घरातल्या घरात चालते, म्हणाली.

"कॉलेजला येईल ना परत?" मी विचारलं.

"एसटीची पायरी चढवत नाही तिला." मग पिशवी या हातातून त्या हातात घेत ती म्हणाली, "तुमची आठवण काढते हां. आमच्या मॅडम लय चांगल्या, असं म्हणते."

ती रिक्षाकडे निघून गेली. मला तिला थांबवताही आलं नाही.